हर्नियाच्या जाळीने कॅन्सर? सासऱ्यांनी ऑपरेशन रद्द केलं!

पुणेरी_पाटी: परवा इथे कुणीतरी टाकलं, हर्नियाच्या ऑपरेशनात आधाराला आत बसवतात ती जाळी प्लास्टिकची, दहा वर्षांत कॅन्सर होणारच, त्यापेक्षा पट्टा बांधा. ते वाचून आमच्या सासऱ्यांनी ठरलेली तारीख रद्द केली, म्हणून चिडून लिहितोय. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची जाळी १९६० च्या दशकापासून वापरात आहे. उंदरांना त्याने सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, झाला हे खरं, पण तो गुळगुळीत सलग पापुद्रा कातडीखाली ठेवल्यावर, त्यालाच भोकं पाडली की प्रमाण घटलं, आणि जाळीत भोकंच तर असतात. स्वीडनमध्ये लघवी गळते म्हणून याच प्लास्टिकची पट्टी बसवलेल्या सुमारे २१ हजार बायका बाकी लाखोंशी ताडून बघितल्या, कॅन्सर जास्त नाही.

तांबडा_पांढरा: मग अमेरिकेने एप्रिल २०१९ ला बायकांची जाळी बंद का केली? उगाच?

पुणेरी_पाटी: ती अंग बाहेर येण्यावर योनीमार्गातून बसवायची जाळी! दुखणं, जाळी बाहेर डोकावणं, आणि फायद्याचा पुरावा अपुरा, म्हणून. कॅन्सर हे कारणच नव्हतं. आधी वाचा.

माई_नाशिक: वाचायचं तुम्ही, भोगायचं आम्ही. ह्यांची जाळी पिकली, तीन वर्षं पू, डॉक्टर म्हणे चालायचंच. शेवटी दुसरीकडे काढली, त्यांनी विचारलं कुठली जाळी होती, तर फाईलला जाळीच्या नावानंबराचा स्टिकरच नाही!! बिलात मात्र जाळी बरोब्बर लावलेली.

तांबडा_पांढरा: माई, स्टिकर सगळ्यांनी मागून घ्या. माझ्या भावाच्या बिलात जाळी एक आणि ती ठोकायचे टॅकर दोन, मेडिक्लेमवाल्याने निम्मे कापले.

सर्जन_पण_माणूस: टॅकर सगळ्यांना लागत नाहीत, ओपनला, म्हणजे दुर्बिणीशिवाय चिरून केलं तर, टाक्यांवर भागतं. आणि सगळे सर्जन चोर नसतात हो.

तांबडा_पांढरा: चोराच्या मनात चांदणं. मी चोर म्हटलंच नव्हतं.

सर्जन_पण_माणूस: बरं. माईंचा मुद्दा सोडू नका पण. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमेत कातडीचा कॅन्सर होऊ शकतो, पिकलेल्या जाळीच्या जागी झाल्याच्या तुरळक केसेस छापून आल्यात. पिकली तर अंगावर काढू नका.

पुणेरी_पाटी: हे मान्य, तुरळक हा शब्द ठळक करून मान्य.

माई_नाशिक: स्वीडनवाल्यांकडे नोंद होती म्हणून मोजता आलं. इथे साधा स्टिकर नाही, तुम्ही मोजणार काय, कप्पाळ?

पुणेरी_पाटी: ...सासऱ्यांना स्टिकर मागायला सांगतो. आधी ऑपरेशनला तयार तर होऊ देत, सध्या पट्टा बांधून गच्चीवर कुंड्या उचलतायत.