मदत हवी आहे: गुणसूत्रसंख्या दुप्पट निघाली, एवढ्यावर नवी प्रजाती मांडता येईल का?

कंदमूळ

नमस्कार मंडळी,

वनस्पतींच्या वर्गीकरणात काम करणाऱ्या, किंवा गुणसूत्रं मोजायचा अनुभव असलेल्या कुणीही कृपया सविस्तर उत्तर द्यावं. प्रश्न मोठा आहे आणि माझं बरंच काम त्यावर अडलं आहे.

एका कंदवर्गीय जीनसवर (जवळच्या प्रजातींच्या गटावर) काम करते आहे. जीनसचं नाव आत्ता लिहीत नाही, काम छापून यायचं आहे, समजून घ्या. मूळ संख्या, म्हणजे एका संचातली गुणसूत्रं, एक्स = ८. ज्या प्रजातीशी माझी झाडं सगळ्यात जवळची वाटतात तिची नोंदलेली संख्या २एन (शरीराच्या साध्या पेशीतली एकूण गुणसूत्रं) = १६, आणि मी स्वतः मोजली तेव्हाही तेवढीच आली. पण उंचावरच्या कातळांवर वाढणारी काही झाडं वेगळी दिसत होती म्हणून त्यांच्या मुळांची टोकं घेतली, तर २एन = ३२. दोन वेगळ्या ठिकाणची झाडं, दोन्हीकडे ३२.

दिसण्यातले फरक असे:

पानं जाड आणि रुंद, फुलं मोठी, परागकण मोठे, पर्णरंध्रांच्या रक्षक पेशी स्पष्टपणे लांब. याशिवाय सहपत्राच्या (फुलाच्या बुडाशी असणाऱ्या छोट्या पानाच्या) कडेला बारीक झालर आहे (जवळच्या प्रजातीत कड गुळगुळीत), पुंकेसराच्या तंतूंवर खरखरीत उंचवटे आहेत, आणि बीवरची नक्षी जाळीदार आहे, जवळच्या प्रजातीत ती दाणेदार असते. फुलांचा हंगामही उशिरा सुरू होतो. दोन्ही प्रकार जिथे शेजारी वाढतात त्या पट्ट्यात काही झाडं २एन = २४ अशी सापडली.

मार्गदर्शकांचं म्हणणं, संख्या दुप्पट आहे, नवी प्रजाती म्हणून लिही. दुसऱ्या एका ज्येष्ठ अभ्यासकांचं म्हणणं, ही त्याच प्रजातीची चतुर्गुणित (चार संचांची) रूपं आहेत, नवं नाव देऊन गोंधळ वाढवू नकोस. मला दोन्ही बाजू पटतात आणि म्हणूनच झोप लागत नाही.

विचारायचं हे, की निर्णय कशावर घ्यायचा? आणि नवी प्रजाती ठरलीच तर वर्णनात गुणसूत्रसंख्येला कुठे जागा द्यायची?

पर्णरंध्र

अभिनंदन आधी! काम नेटकं दिसतंय.

नियमांपुरतं बोलायचं तर नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता गुणसूत्रसंख्या मागतच नाही. लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन किंवा डायग्नोसिस, म्हणजे जवळच्या प्रजातीपेक्षा वेगळेपण सांगणारं छोटं विधान (२०१२ पासून इंग्रजी चालतं, आधी लॅटिनच लागायची), एक टाइप नमुना (ज्याला नाव कायमचं जोडलं जातं तो), तो कुठल्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात) ठेवला त्याचा उल्लेख, आणि रीतसर प्रकाशन. एवढं झालं की नाव वैध. वैध म्हणजे लोकांना मान्य, असं मात्र नाही. ती लढाई लक्षणांवर लढावी लागते.

मध्यावस्था

तुमच्या यादीत दोन प्रकारची लक्षणं एकत्र मिसळली आहेत, ती आधी वेगळी करा. सगळं त्यावर ठरतं.

मोठे परागकण, लांब रक्षक पेशी, जाड पानं, मोठी फुलं ही सगळी गुणसूत्रं दुप्पट झाल्याचीच लक्षणं. जनुकसंच वाढला की पेशी मोठी होते, आणि पेशी मोठी झाली की अवयव फुगतो. कोल्चिसिन (गुणसूत्रं दुप्पट करणारं रसायन) लावून घरच्या कुंडीतही असं झाड तयार करता येईल. म्हणजे ३२ हा आकडा आणि ही चार लक्षणं मिळून पुरावा एकच. तो पाच वेळा मोजू नका. परीक्षक पहिल्यांदा हेच पकडतील.

झालर, तंतूंवरचे उंचवटे आणि बीची नक्षी यांचं तसं नाही. केवळ पेशी मोठी झाली म्हणून गुळगुळीत कडेला झालर फुटत नाही. ही लक्षणं स्वतंत्रपणे साचत गेलेली असणार, आणि म्हणून तुमची बाजू खरोखर भक्कम आहे असं मला वाटतं.

एकट्या आकड्याने काय होतं याची दोन टोकं बघा. क्लेटोनिया व्हर्जिनिका या एकाच प्रजातीत २एन = १२ पासून १९० च्या आसपासपर्यंत संख्या नोंदल्या आहेत. प्रत्येक आकड्याला नाव द्यायचं म्हटलं तर काय होईल! दुसरं टोक ट्रॅगोपोगॉन या जीनसचं. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या तीन प्रजाती, तिघींची २एन = १२. त्यांच्या संकरातून २एन = २४ ची झाडं तयार झाली आणि मॅरियन ओन्बी यांनी १९५० मध्ये त्यांना ट्रॅगोपोगॉन मायरस आणि ट्रॅगोपोगॉन मिसेलस अशी नावं दिली. ती नावं टिकली, कारण त्यांनी आकड्यासोबत दिसण्यातले फरक दाखवले आणि ही झाडं स्वतःच्या बळावर बी धरतात, तर साधे द्विगुणित (दोन संचांचे) संकर जवळजवळ वांझ राहतात, हेही दाखवलं.

मधली वाटही आहे. कॅमेरिऑन अँगुस्टिफोलियम या वनस्पतीत २एन = ३६ आणि ७२ असे दोन्ही प्रकार आहेत, ते उपप्रजाती म्हणून मांडले गेले. तुमच्या झाडांचे स्वतंत्र फरक त्याहून ठळक वाटतात, पण पर्याय डोळ्यांसमोर असू द्या.

२४ वाल्या झाडांबद्दल अजून सांगा. परागकण तपासलेत का?

कंदमूळ

इतकं नीट समजावल्याबद्दल मनापासून आभार. लक्षणांची ही विभागणी कुणी अशी मांडून दाखवली नव्हती.

हो, ॲसिटोकार्माइन या रंगात पाहिले. २४ वाल्यांचे परागकण बहुतेक सुरकुतलेले, रंग न धरणारे. बी जवळजवळ नाही. ३२ वाल्यांचे परागकण भरलेले आणि बी भरपूर. कळ्यांमधल्या अर्धसूत्री (परागकण तयार होतानाच्या) विभाजनाच्या स्लाइड अजून हव्या तशा आलेल्या नाहीत.

मध्यावस्था

मग हे लेखात ठळक लिहा. त्रिगुणित (तीन संचांची, २४ वाली) झाडं सापडतात म्हणजे संकर होतो, पण ती वांझ आहेत म्हणजे दोन गटांत जनुकांची देवाणघेवाण जवळजवळ होत नाही. जवळजवळ हा शब्द गाळू नका, त्रिगुणितांच्या हातून क्वचित एखादा चांगला परागकण निसटतोच.

अर्धसूत्रीच्या स्लाइडसाठी कळ्या पहाटेपासून थोड्या थोड्या वेळाने घ्या आणि तिथेच फिक्स करा (पेशी आहेत त्या अवस्थेत थांबवा), तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसेटिक आम्ल. कळी किती मोठी असताना योग्य अवस्था मिळते ते प्रत्येक प्रजातीत शोधावंच लागतं. चार-चार गुणसूत्रांचे गट दिसले तर एकाच प्रजातीचा संच दुप्पट झाल्याची शक्यता जास्त. सगळ्या जोड्याच दिसल्या तर संकरातून आलेलं असू शकेल, आणि मग दुसरा पालक कोण, हा नवा प्रश्न. पण फक्त जोड्या दिसल्या म्हणून संकर सिद्ध होत नाही, एकाच प्रजातीतून आलेले चतुर्गुणितही कधी कधी जोड्याच करतात.

देठ

मुळांच्या स्लाइडबद्दल माझी थोडी भर. गुणसूत्रं आखडून सुटी दिसावीत म्हणून आधी ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन वापरता की कोल्चिसिन? लांब गुणसूत्रांच्या कंदवर्गीय झाडांत मला कोल्चिसिनने पसरण चांगली मिळते, पण वेळ जास्त झाला तर गुणसूत्रं इतकी आखडतात की भुजांचं (गुणसूत्राच्या आकुंचनाच्या दोन बाजूंचं) गुणोत्तर मोजण्यात अर्थ उरत नाही. कॅरिओटाइप (गुणसूत्रांच्या आकारांचा तक्ता) द्यायचा असेल तर हे जपा. लेव्हान, फ्रेड्गा आणि सँडबर्ग यांची १९६४ ची पद्धत सगळे वापरतात: लांब भुजा भागिले आखूड भुजा १.७ पर्यंत असेल तर मध्यकेंद्री, ३ पर्यंत उपमध्यकेंद्री, पुढे ७ पर्यंत उपअग्रकेंद्री.

आणि एका मुळावर विसंबू नका. मुळाच्या टोकात मधूनच एखादी पेशी दुप्पट संचाची निघते. वेगवेगळ्या झाडांच्या पेशी मोजा, आणि मोजलेल्या प्रत्येक झाडाचा नमुना दाबून ठेवा. नमुना नसलेली गुणसूत्रसंख्या पुढच्या माणसाच्या काहीच कामाची नसते. झाडाची ओळख चुकली होती का, हे कधीच तपासता येत नाही.

जुनीनावे

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट कुणीच विचारली नाही आणि माझ्या मते ती सगळ्यात आधी यायला हवी.

तुमची जवळची प्रजाती २एन = १६ आहे हे कशावरून? तुम्ही मोजलेली झाडं १६ ची आहेत, बरोबर. पण प्रजातीचं नाव झाडांच्या गटाला चिकटलेलं नसतं, ते टाइप नमुन्याला चिकटलेलं असतं. जुन्या अभ्यासकांनी गुणसूत्रं मोजलेली नव्हती. समजा त्यांनी टाइपसाठी उचललेलं झाड नेमकं कातळावरचं, चतुर्गुणितच असेल तर? मग जुनं नाव तुमच्या ३२ वाल्यांचं ठरेल, आणि ज्याला नाव नाही ते सर्वत्र वाढणारं साधं झाड असेल. शिवाय त्या प्रजातीखाली बुडवलेली समानार्थी नावं (त्याच प्रजातीची मानलेली जुनी नावं) असतील तर त्या प्रत्येकाचा टाइप बघावा लागेल. त्यातलं एखादं तुमच्या झाडाचं निघालं तर नवं नाव द्यायचा प्रश्नच मिटला, जुनंच वर काढायचं.

वाळलेल्या नमुन्याची गुणसूत्रं मोजता येत नाहीत, पण रक्षक पेशी आणि परागकण मोजता येतात. ज्यांची संख्या माहीत आहे अशा तुमच्या झाडांची मापं आधी घ्या, दोन गटांची मापं एकमेकांत शिरत नसतील तरच टाइपबद्दल अंदाज करा.

कंदमूळ

हे वाचून लगेच टाइपच्या प्रतिमा काढून बसले. फार महत्त्वाचं सुचवलंत.

मुख्य नावाच्या टाइपवर फुलं आहेत आणि मोठं करून पाहिलं तर सहपत्राची कड गुळगुळीत दिसते. म्हणजे तो साध्या गटातला असावा. समानार्थी नावं दोन. एकाच्या टाइपवर फुलं आहेत, कड गुळगुळीतच. दुसऱ्याचा टाइप मात्र नुसता फळांचा आहे. सहपत्रं गळून गेलेली, पुंकेसर अर्थातच नाहीत. मूळ वर्णन दोन ओळींचं आणि त्यात यातलं काहीच नाही. आता काय करू? पानाचा तुकडा मागू का?

जुनीनावे

पानाचा तुकडा लगेच मागू नका. टाइप नमुन्याला धक्का लावायला हर्बेरियम सहजासहजी परवानगी देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दिली तरी त्यातून फक्त पेशीचा आकार कळेल, आणि तो पुरावा दुय्यम.

फळं आहेत म्हणता ना? मग बिया असतील. तुमच्या तीन स्वतंत्र लक्षणांपैकी एक नेमकं बीवरच आहे. कागदावर एक छोटी पाकिटासारखी घडी चिकटवलेली दिसते का बघा, सुटलेल्या बिया बहुधा त्यात ठेवतात. हर्बेरियमच्या प्रमुखांना लिहा, कारण स्पष्ट सांगा, आणि बीच्या पृष्ठभागाची मोठी केलेली छायाचित्रं मागा. जाळीदार की दाणेदार हे चांगल्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखालीही कळेल, नमुन्याला काही होणार नाही.

कंदमूळ

पाकीट आहे! कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात. आजच पत्र लिहिते.

तोवर डायग्नोसिसचा कच्चा मसुदा मराठीत टाकते, इंग्रजी नंतर करेन: "जवळच्या प्रजातीपेक्षा सहपत्राची कड झालरदार (गुळगुळीत नव्हे), पुंकेसर-तंतू उंचवट्यांचे (गुळगुळीत नव्हेत), बी जाळीदार नक्षीचे (दाणेदार नव्हे) आणि २एन = ३२ (१६ नव्हे) यांमुळे वेगळी."

मध्यावस्था

क्रम अगदी बरोबर. गुणसूत्रसंख्या शेवटी, आणि पानाफुलांचा आकार डायग्नोसिसमध्ये नाही, हे विशेष आवडलं. आकारांची मापं सविस्तर वर्णनात द्या.

एकच सुचवणी. होलोटाइप (नव्या नावाचा मुख्य टाइप नमुना) करताना ज्या झाडाचं मूळ मोजलंत तेच झाड दाबा, फुलं आणि पिकलेली फळं दोन्ही येतील असं बघून. फळं उशिरा धरत असतील तर त्याच झाडाच्या बिया नंतर पाकिटात घाला आणि चिठ्ठीवर तसं लिहा.

जुनीनावे

सहमत. आणि त्या पत्राचं उत्तर आलं की इथे नक्की कळवा. बी जाळीदार निघालं, तर मसुद्यातली लक्षणं सगळी तशीच राहतील, फक्त वर नाव जुनं येईल.

कंदमूळ

कळवते. तसं झालं तरी चालेल मला, झाडं वेगळी आहेत हे तर ठरेल.