चिप्सच्या पाकिटावर "दूध" लिहायचं राहिलं म्हणे!

टिळकवाडीची ताई: खडेबाजारवाल्यानं काल लिहिलं, "अमेरिकेत पाकिटावर दूध लिहिलं नाही म्हणून चिप्स परत मागवले, नुसती थेरं, आमची आज्जी रोज दाण्याचं कूट घालायची, कोण मेलं?" डोकं फिरलं म्हणून लांबडं लिहितेय. ते लेज क्लासिक, डिसेंबर 2024, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन, 6,344 पाकिटं. साधे मिठाचे चिप्स, त्यात दूध असेल असं कुणाच्या डोक्यात येणार? तिथल्या अन्न-औषध खात्यानं, एफडीएनं, क्लास वन ठरवलं, म्हणजे दुधाची ॲलर्जी असेल त्याच्या जिवावर बेतू शकतं असं. माझ्या भाचीला दाणे चालत नाहीत. दिवाळीत एका दुकानातनं सुटी शेव आणली, "दाणे नाहीत ना?" दोनदा विचारून. पाच मिनिटात ओठ सुजले, मानेवर लाल गांधी, श्वास घरघरायला लागला, स्कूटीवर दोघींच्या मधे बसवून दवाखाना गाठला. नंतर कळलं मसाला दाणे तळलेल्याच कढईत शेव काढलेली.

खडेबाजारवाला: पोरीचं वाईट वाटलं ताई. पण आमच्या लहानपणी ही ॲलर्जी कुठं होती ओ?

निपाणीकर: होती की. "बाधतंय" म्हणायचे. माझ्या चुलत्याला अंडं खाल्लं की अंगभर पित्त उठायचं, घरचे म्हणायचे देवाचं काहीतरी राहिलंय.

शहापूरकर: मुळात पाकीट वाचणार कोण? आपल्या देशातल्या पाकिटांच्या 2020 च्या नियमात इंग्रजी नाहीतर देवनागरीत हिंदी, बाकी भाषा कंपनीची मर्जी. आमच्या बेळगावात मराठीत छापा आधी.

गोकाकरोड: आला का चिप्सच्या पाकिटात सीमाप्रश्न! कन्नड शिका की.

शहापूरकर: 1956 पासनं हेच ऐकूलालोय. दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड पाहिजे तर घाला, पण पोराच्या जिवाचं आहे ते आईला वाचता येईल असं नको?

गोकाकरोड: माझी आई कन्नडच वाचते. तिला तरी कुठं मिळतंय कन्नड त्या पाकिटावर? अन्याय काय तुझ्या एकट्याच्या मालकीचा आहे का बे?

शहापूरकर: ...हे एवढं बरोबर. एवढंच.

टिळकवाडीची ताई: माझ्या भाचीचं चाललं होतं इथं.

खडेबाजारवाला: आता खरं सांगतो, माझं फरसाणाचं दुकान आहे. एक कढई, एक झारा, दोन पोरं. शेवेला वेगळं तेल ठेवलं तर भाव वाढणार, तेव्हा तुम्हीच पहिल्यांदा शेजारच्या दुकानात जाणार.

टिळकवाडीची ताई: वेगळी कढई कोण मागतंय? "नाही" म्हणू नका, "दाणे तळलेल्या तेलातलीच आहे" म्हणा. एवढंच बोलायला किती तेल लागतं?

निपाणीकर: अमेरिकेत 2023 पासनं पाकिटावर ॲलर्जीसाठी तीळ लिहायची सक्ती आली, तर काही बेकरीवाल्यांनी वेगळं ठेवायची कटकट नको म्हणून पावात मुद्दाम तीळ घातले! आपल्याकडं ॲलर्जीचे म्हणून लिहायच्या आठ गोष्टींच्या यादीत तर तीळच नाहीत, संक्रांत मोकळी.

खडेबाजारवाला: हुशार आहेत बेकरीवाले. बरं, सोमवारी पाटी लावतो, "इथल्या सगळ्या मालाला दाणे लागलेले आहेत." झालं समाधान?

टिळकवाडीची ताई: लावा. फोटो काढायला येते.

शहापूरकर: मराठीत ना?

गोकाकरोड: 40 टक्के.