‘व्यास काढा’ म्हणजे नेमके काय करा?

‘वर्तुळाचा व्यास काढा’ या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही बरोबर आहेत, हे आधी मान्य करायला हवे. केंद्रातून जाणारी आणि दोन्ही टोके वर्तुळावर टेकणारी रेघ पट्टीने ओढली, तरी आपण व्यास काढला असे म्हणतो; आणि परीघ ४४ सेमी दिलेला असताना पायची किंमत २२/७ धरून, म्हणजे ४४ ला ७ ने गुणून व २२ ने भागून, १४ सेमी हे उत्तर मांडले, तरीही व्यास काढला असेच म्हणतो.

दोष केवळ ‘काढणे’ या क्रियापदाचा नाही. ‘व्यास’ हा शब्दच रेषाखंडालाही लागतो आणि त्याच्या लांबीलाही. पहिल्या अर्थाने एका वर्तुळाला असंख्य व्यास असतात, दुसऱ्या अर्थाने एकच. त्यामुळे ‘वर्तुळाचे सर्व व्यास केंद्रात छेदतात’ हे अनेकवचनही शुद्ध आहे आणि ‘वर्तुळाचा व्यास १४ सेमी आहे’ हे एकवचनही. आकृती हवी असेल तेथे ‘व्यास रेखाटा’ आणि हिशेब हवा असेल तेथे ‘व्यास किती?’ असे लिहावे, असे माझे मत आहे. ‘व्यासाची गणना करा’ ही रचना मात्र मला खटकते, कारण मराठीत गणना म्हणजे आधी मोजदाद, आणि असंख्य व्यासांची मोजदाद कोण करणार?

व्युत्पत्तीही लांबीच्या अर्थाला जवळची आहे. संस्कृतातील ‘वि’ आणि ‘अस्’ यांपासून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी रेघ नसून फाकणे, पसरणे आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास याच अर्थी ‘विष्कंभ’ म्हटले, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) ‘व्यास’ आहे, आणि तेथील एक रीत या चर्चेत फार उपयोगी पडते. वर्तुळाचा तुकडाच हाती असला, तर त्याची कड म्हणजे चाप, कडेची टोके जोडणारी दोरी म्हणजे जीवा, आणि जीवेच्या मध्यापासून चापापर्यंतचा बाण म्हणजे शर. अर्ध्या जीवेच्या वर्गाला शराने भागून त्यात शर मिळवला की व्यास येतो. जीवा ६ आणि शर १ असेल, तर ९ भागिले १, अधिक १, म्हणजे १०. येथे केंद्र कोठेही दाखवलेले नाही, व्यासाची रेघ ओढलेली नाही, आणि तरीही व्यास काढलेला आहे.