दीड मत कमी पडलं, तरी लिंकन उमेदवार कसा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत असतो, लेक आठवीत आहे. तिला गुरुवारी वर्गात रिपब्लिकन पक्षाच्या १८६०च्या शिकागो अधिवेशनावर बोलायचंय, जिथे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरला. काल रात्री वहीत तक्ता मांडून बसलो आणि अडकलो.

जिंकायला २३३ मतं हवीत. पहिल्या फेरीत लिंकनचा मुख्य प्रतिस्पर्धी सीवर्ड १७३.५, लिंकन १०२. दुसरीत १८४.५ आणि १८१. तिसरीत सीवर्ड १८०, लिंकन २३१.५. इथे लेकीने '१.५ कमी' लिहून लाल गोल केलाय. आणि पुस्तकात पुढच्याच ओळीत लिंकन उमेदवार! चौथी फेरी कुठे गेली?

शिवाय हे अर्धं मत काय प्रकरण आहे? आणि आज असं होऊ शकतं का? आपल्याला सवय हायकमांडकडून नाव आलं की गुलाल उधळायची, त्यामुळे लेकीपुढे माझी पार दांडी उडाली.

---

ताई, चौथी फेरी लागलीच नाही. निकाल जाहीर होण्याआधी राज्याला मत फिरवता यायचं. ओहायोचा पुढारी उठला आणि आपली चार मतं लिंकनकडे वळवतोय म्हणाला. झाले २३५.५. मग बाकीच्यांचीही रांग लागली.

अर्धं मत सोपं आहे. राज्याच्या कोट्यापेक्षा माणसं जास्त आली, की एकेकाच्या वाट्याला अर्धं यायचं.

खरी गंमत दुसऱ्या फेरीत आहे, तिथे बोट ठेवायला सांगा. पेनसिल्व्हेनियाची ५४ मतं होती. पहिल्या फेरीत त्यातली ४७.५ त्यांच्याच राज्याचा पुढारी कॅमेरॉन याला पडली, दुसरीत ४८ लिंकनला. लिंकन स्वतः स्प्रिंगफील्डला घरी होता, माझ्या नावावर सौदे करू नका असं त्याने कळवलंही होतं. त्याच्या माणसांनी ते किती मनावर घेतलं असेल, तुम्हीच बघा.

आज नियमात वाट आहे. पहिल्या फेरीत कुणालाच बहुमत नसेल तर पुढची फेरी होतेच, आणि डेमोक्रॅट पक्षात २०१८च्या बदलानंतर सुपरडेलिगेट्सना (पदामुळे मत मिळालेल्या पक्षनेत्यांना) बहुतेक वेळा तेव्हाच मत देता येतं. पण प्रायमरीतच, म्हणजे राज्याराज्यांत मतदार पक्षाचा उमेदवार निवडतात तेव्हाच, बहुतेक निकाल लागतो. एकाहून जास्त फेऱ्या शेवटच्या लागल्या १९५२ साली, डेमोक्रॅट स्टीव्हन्सनला, तिसऱ्या फेरीत.

---

खूप आभार! लेक विचारतेय, कॅमेरॉनला काय मिळालं?

---

युद्धमंत्रिपद. दहा महिन्यांत गेलंही.