दिवाळीतली वजनवाढ आपोआप उतरते का?
दिवाळीचे चार दिवस मनसोक्त खाल्ले तरी डिसेंबरात शरीर आपोआप पूर्ववत होते, असे वरच्या एका प्रतिसादात म्हटले आहे. चार दिवसांनी फारसे बिघडत नाही, हे मान्य. परंतु वाढलेले वजन आपोआप उतरते, हे मला पटत नाही. अमेरिकेत १९५ प्रौढांची वजने सणासुदीच्या आधी आणि नंतर घेऊन केलेला एक अभ्यास २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला होता. मध्य नोव्हेंबर ते मध्य जानेवारी या काळातली सरासरी वाढ जेमतेम ३७० ग्रॅम, म्हणजे लोक समजतात त्याहून पुष्कळच कमी निघाली. मात्र पुढच्या महिन्यांत ती उतरली नाही. अशी वाढ वर्षानुवर्षे साचत गेली तर काय होईल, याची मला खरी काळजी वाटते.

शिवाय आपल्याकडे प्रश्न चार दिवसांचा नाहीच. वसुबारसेला उघडलेले डबे तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतात आणि चकली, शेव, शंकरपाळे हे सारे जेवणाऐवजी नव्हे, तर जेवणाखेरीज, चहाबरोबर खाल्ले जाते. तुपातेलाच्या एका ग्रॅममधून ९ कॅलरी मिळत असल्यामुळे तेवढे चालून भरून काढणे अवघड असते. म्हणून आमच्या घरी त्या दिवसांत फराळ हीच न्याहारी मानतो: सकाळी ताटलीत हवे ते, अगदी बेसनाचा लाडूसुद्धा, वाढून घ्यायचे आणि संध्याकाळी पाहुणे आल्याखेरीज डबे उघडायचे नाहीत. कोणताही पदार्थ वर्ज्य नसल्याने हा नियम मुलांनीही कुरकुर न करता पाळला आहे.