पुनर्वसन केंद्रातून घरी आलेल्या रुग्णाला सांभाळणाऱ्याचे कष्ट कुणाच्या हिशेबात?

मूळ मत (वडगाव, बेळगाव):
पक्षाघाताचा रुग्ण पुनर्वसन केंद्रातून घरी आला की उपचार संपले, असे नातेवाइकांना वाटते. वास्तविक पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होत असते आणि नेमका त्याच काळात रोजचा व्यायाम, औषधे आणि अंग पुसण्यापर्यंतची सारी कामे पत्नीवर किंवा सुनेवर येऊन पडतात. आमच्या भागात यंत्रमागावर राबणारा कर्ता पुरुष अंथरुणाला खिळला की घरातील बाईचे बाहेर पडणेही बंद होते. हळदीकुंकवाचे बोलावणे येते, पण तेवढा वेळ रुग्णाजवळ कोण बसेल, हे कुणी विचारत नाही. वाचा गेलेल्या माणसाला समोरचे बोलणे पुष्कळदा समजत असते, तरीही भेटायला येणारे त्याच्या देखत ‘आता काही खरे नाही’ म्हणून जातात, हे मला क्रूर वाटते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. तो राज्याने प्रत्येक पात्र घराला द्यावा.

प्रतिसाद (खानापूर तालुका):
मी याच्याशी सहमत नाही. त्याच कलमात सरकारच्या आर्थिक क्षमतेची मर्यादाही घातलेली आहे. शिवाय भत्ता सुरू झाला की ‘पैसे तुला मिळतात, तूच बघ’ असे म्हणून बाकीची भावंडे हात झटकतील. आमच्या वाड्यांवर खरी अडचण उंच उंबऱ्याची, परसातल्या संडासाची आणि पावसाळ्यात तालुक्याला जाण्याची आहे. रोपलागणीला आपण पैरा करतो, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबतो, तसाच आजाऱ्याच्या घरीही करावा.

प्रतिसाद (निपाणी):
पैरा फेडावा लागतो. ज्या घरातले दोन हात लुळे पडले आणि दोन हात त्यांना सांभाळण्यात अडकले, त्या घराने शेजाऱ्यांची परतफेड कशाने करायची? महिन्याभराने मदत मागायची लाज वाटू लागते आणि दार आतून बंद होते. आमच्याकडे विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते; सुपासमोर बसता आले नाही, तर त्या दिवशी मजुरी नाही.

प्रतिसाद (चिकोडी):
भत्ता मिळवायचा म्हटला तरी आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हवे, आणि बहुतेक सवलतींसाठी त्यावर किमान 40 टक्के दिव्यांगत्व नोंदलेले असावे लागते. कानडी अर्ज वाचता न आल्याने मराठी घरे तिथेच अडतात. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते नेमलेले आहेत. रुग्ण घरी आल्याच्या आठवड्यातच त्यांनी भेट द्यावी आणि अर्ज भरून द्यावा, हा आग्रह ग्रामसभेत धरायला हवा.

खानापूरचे पुन्हा उत्तर:
फेडीचा मुद्दा मला पटतो. भावंडांविषयीची माझी भीती मात्र कायम आहे. म्हणून भत्ता द्यायचाच असेल, तर तो कुटुंबप्रमुखाच्या नव्हे, प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या बाईच्या खात्यावर जमा व्हावा.