रोम अडीच दिवसांत: रविवार बदला

तुमचा प्लॅन वाचला, शनिवार सकाळ ते सोमवार दुपार आणि त्यात रविवारी व्हॅटिकन म्युझियम. तेवढं आधी बदला, कारण रविवारी ते बंद असतं, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडं आणि फुकट, पण त्या दिवशी जी रांग लागते ती बघूनच माणूस परत फिरेल. व्हॅटिकन शनिवारी सकाळी घ्या, लगेच शेजारचं सेंट पीटर्स चर्च, तिथे एंट्री फ्री आहे पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर दारातून परत पाठवतात.

रविवारी कोलोसियम. त्याच तिकिटात रोमन फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलाटाइन टेकडी येते हे बरेच जण विसरतात आणि बाहेरूनच फोटो काढून निघतात. टाइम स्लॉट मात्र ऑनलाइन आधीच घ्या. फोरममध्ये सावली जवळजवळ नाही, उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळचाच स्लॉट. पाण्याची बाटली रिकामी झाली तरी टेन्शन नको, रस्त्यात जागोजागी पिण्याच्या पाण्याचे छोटे नळ चालू असतात, थंडगार.

सोमवारी पँथिऑन, म्हणजे घुमटाचं प्राचीन रोमन मंदिर, तिथून त्रेवी कारंजं चालत. पँथिऑनच्या घुमटाला मधोमध जवळपास 9 मीटरचं उघडं भोक आहे, पाऊस सरळ आत पडतो आणि तो वाहून जायला फरशीत बारीक भोकं ठेवलीत, ती नक्की शोधा. त्रेवीला पहाटेच जमलं तर बघा, दुपारी नुसती डोकी दिसतात.

नेपल्सजवळच्या प्राचीन पॉम्पेई शहराचाही हट्ट तुमच्या प्लॅनमध्ये आहे, तो मात्र सोडा बुवा, एवढ्यात होत नाही.